रायफलच्या पुंगळ्यांचे घरच्या घरी अनीलिंग: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

रायफलचे काडतूस उडाल्यानंतर गोळी निघून जाते, दारू जळते आणि प्राइमर (बुडातील, दारू पेटवणारी छोटी टोपी) निकामी होतो. हाती राहते ती पितळाची पुंगळी: गोळी धरणारा अरुंद भाग म्हणजे मान, त्याखालचा उतार म्हणजे खांदा, मग धड आणि मागचे जाड टोक म्हणजे बूड. काडतुसे स्वतः भरणाऱ्याला पुन्हा वापरता येणारा घटक एवढाच असल्यामुळे ती किती वेळा टिकते आणि प्रत्येक वेळी सारखीच वागते की नाही, या दोन गोष्टींवर त्याचे बरेच काही अवलंबून असते. काही वेळा वापरलेल्या पुंगळ्यांच्या मानेला उभी चीर जाणे, एकाच डायमधून (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यातून) काढलेल्या पुंगळ्यांचे खांदे थोडे पुढे-मागे येणे, गोळी बसवताना एखादी सहज सरकणे आणि एखादीला जोर लावावा लागणे, ही लक्षणे वेगवेगळी वाटली तरी त्यांच्यामागे बहुधा एकच कारण असते: मानेचे आणि खांद्याचे पितळ कडक झालेले असते. तो भाग थोडा वेळ तापवून पितळ पुन्हा मऊ करण्याच्या प्रक्रियेला अनीलिंग म्हणतात.

एका पुंगळीला यासाठी काही सेकंद पुरतात आणि साहित्यही फारसे लागत नाही. तरीही हे काम घाईने शिकण्यासारखे नाही, कारण पितळ तापवणे कोणालाही जमते, पण उष्णता मान आणि खांदा यांच्यापुरतीच ठेवून बूड थंड राखणे हे शिकावे लागते. या लेखातील बहुतेक सूचना त्या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

काडतुसे भरण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. काही ठिकाणी रिकाम्या पुंगळीलाही काडतुसाचा भाग मानून कायदा लागू होतो. आपल्याकडे आवश्यक तो परवाना आहे आणि कायद्याने या कामाची मुभा आहे, याची खात्री करूनच पुढे जावे. ज्यांनी काडतुसे भरण्याचे मूलभूत काम अजून शिकलेले नाही, त्यांनी आधी ते अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शिकावे; अनीलिंग हा त्यानंतरचा टप्पा आहे.

पितळ कडक का होते आणि मऊ कसे होते

काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचा मिश्रधातू. थंड अवस्थेत तो पुष्कळ ताणता येतो, म्हणूनच सपाट चकतीपासून टप्प्याटप्प्याने ओढून लांब, पातळ भिंतीची पुंगळी घडवता येते. मात्र थंड धातूचा आकार बदलला की त्याच्या स्फटिकांमधील अणूंच्या रांगा सरकतात आणि एकमेकींत अडकतात. हा गुंता वाढला की पुढच्या वेळी आकार बदलायला जास्त जोर लागतो, आणि एका मर्यादेनंतर धातू वाकण्याऐवजी तडकतो.

एका वापरात मानेवर काय काय गुदरते ते पाहिले म्हणजे मान आधी का थकते हे समजते. काडतूस उडताना आतला दाब प्रचंड असतो; .३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकी मानकातील कमाल मर्यादा ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. त्या दाबाने मान फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला टेकते. नंतर साइझिंग डाय तिला आत दाबते, बहुधा गरजेपेक्षा थोडी जास्तच. त्यानंतर डायमधील एक्स्पांडरचा गोळा आतून ओढला जाताना तिला पुन्हा रुंदावतो आणि शेवटी नवी गोळी बसताना ती आणखी थोडी ताणली जाते. म्हणजे एका फेरीत चार वेळा आकारबदल, आणि तोही ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीच्या भिंतीत.

कडक पितळात स्प्रिंगसारखा ताठरपणा येतो. डायने दाबलेली मान डायमधून बाहेर पडताच थोडी मागे फिरते. पितळ जितके कडक तितके हे मागे फिरणे जास्त. एकाच पेटीतील पुंगळ्यांचा कडकपणा वेगवेगळा असेल तर सगळ्या एकाच डायमधून काढूनही मानेची मापे आणि खांद्याची जागा सारखी येत नाही, गोळीवरची पकड कमी-जास्त होते, आणि लांब पल्ल्यावर त्याचा परिणाम लक्ष्यावर उभ्या विखुरण्याच्या रूपाने दिसू शकतो. चीर टाळणे हा अनीलिंगचा ठळक फायदा खरा, पण माझ्या मते सगळ्या पुंगळ्या सारख्या वागू लागणे हा त्याहून मोठा फायदा आहे.

पितळ पुरेसे तापले की गुंता झालेल्या जुन्या स्फटिकांच्या जागी नवे, ताणरहित स्फटिक तयार होतात आणि धातू मऊ होतो. यात तापमान आणि वेळ यांची जोडी महत्त्वाची असते. भट्टीत तासभर ठेवले तर तुलनेने कमी तापमानात जे साधते, तेच काही सेकंदांत साधायचे तर तापमान बरेच जास्त लागते. म्हणून ‘अनीलिंगचे तापमान किती’ या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. ज्योतीवर काही सेकंद तापवण्याच्या पद्धतीत मानेचे पितळ किमान ४०० अंश सेल्सिअस ओलांडायला हवे, आणि अंधारात मंद लालसर झाक दिसू लागण्याची अवस्था, म्हणजे साधारण ५२५ अंश, ही नवशिक्याने वरची सीमा मानावी. पुंगळी उजेडात लालभडक किंवा नारिंगी दिसली तर ती वाया गेली असे समजावे. हे पितळ साधारण ९१५ अंशांना वितळू लागते. पण त्याच्या खूप आधीच स्फटिक वाढून खरखरीत होतात, मान बोटांनी वाकण्याइतकी दुबळी होते आणि गोळीवरची पकड जाते.

पोलादाच्या अनुभवावरून अनेकांचा असा समज असतो की तापलेले पितळ पाण्यात बुडवले की ते कडक होते. तसे होत नाही. काडतुसाचे पितळ पाण्यात बुडवून कडकही होत नाही आणि जास्त मऊही होत नाही. ते केवळ थंड अवस्थेत दाबून किंवा ओढूनच कडक होते. त्यामुळे एकदा प्रमाणाबाहेर मऊ झालेली पुंगळी पूर्ववत करण्याचा कोणताही उपाय घरी उपलब्ध नाही.

बूड कडकच राहिले पाहिजे

पुंगळीच्या बुडाला चेंबरच्या भिंतीचा पूर्ण आधार मिळत नाही. त्याचा थोडा भाग चेंबरच्या बाहेर राहतो आणि दाबाचा सामना धातूच्या जाडीवर व कडकपणावरच करावा लागतो. म्हणून कारखान्यात पुंगळी मुद्दाम असमान ठेवली जाते: बूड सर्वांत कडक, धडावर उतरता कडकपणा आणि मान सर्वांत मऊ. व्हिकर्स मापात ढोबळमानाने बुडाचा कडकपणा १५० ते २०० च्या दरम्यान असतो आणि मानेचा १०० च्या आसपास.

बूड मऊ झाले तर पहिल्याच दाबाखाली ते पसरते. प्राइमरची खोबण रुंदावते, प्राइमरच्या कडेने तप्त वायू मागे निसटतो, आणि वाईट प्रसंगी बूड फाटून तो वायू बोल्टकडे, म्हणजे रायफल चालवणाऱ्याच्या चेहऱ्याच्या दिशेने येतो. चिरलेली मान हा तोटा आहे; मऊ पडलेले बूड हा अपघात आहे. म्हणून संपूर्ण पुंगळी ओव्हनमध्ये, भट्टीत किंवा तव्यावर तापवणे कधीही, कोणत्याही कारणाने करू नये.

अडचण अशी, की पितळ उष्णतेचे उत्तम वाहक आहे. साध्या पोलादाच्या दुपटीहून अधिक वेगाने ते उष्णता वाहून नेते. .३०८ विंचेस्टरची पुंगळी जेमतेम ५१ मिलिमीटर लांब असते आणि .२२३ रेमिंग्टनची ४५ मिलिमीटरहूनही किंचित कमी. मानेवर दिलेली उष्णता लगेच धडाकडे सरकू लागते. त्यामुळे मंद आचेवर सावकाश तापवणे सुरक्षित असेल, ही सहज सुचणारी कल्पना इथे नेमकी उलटी ठरते. आच मंद असली तर मान हव्या त्या तापमानाला पोहोचेपर्यंत बूडही तापलेले असते. ज्योत प्रखर आणि वेळ थोडा, हेच योग्य. कडक पितळ २५० अंशांच्या वर मऊ होऊ लागते असे धरून चालावे, आणि बूड व त्यालगतचा धडाचा भाग या तापमानाच्या आसपासही जाऊ देऊ नये.

याच कारणासाठी पिस्तुलाच्या आखूड, सरळ पुंगळ्यांवर हा प्रयोग करू नये. तिथे तोंड आणि बूड यांच्यात पुरेसे अंतरच नसते. पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या पुंगळ्यांनाही ही पद्धत लागू नाही, आणि निकेलचा मुलामा असलेल्या पुंगळ्या नवशिक्याने बाजूलाच ठेवाव्यात.

अंतर्गत ताण राहिलेले पितळ किती नाजूक असते याचा एक जुना दाखला या विषयात नेहमी दिला जातो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्कराची भारतातील काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवून ठेवली जात, आणि काही काळाने त्यांच्या पुंगळ्यांना न वापरताच भेगा पडलेल्या दिसत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पितळातील शिल्लक ताण यांच्या संयोगाने हे घडत होते, याचा उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली केला. आजही त्यातून घेण्याजोगी सूचना साधी आहे: पुंगळ्या चमकवण्यासाठी अमोनिया असलेले पॉलिश वापरू नये.

कोणती पद्धत निवडावी

पुंगळीचे बूड बोटांत धरून मान मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवणे आणि चटका बसू लागताच ती ओल्या फडक्यावर टाकणे, ही पद्धत अजूनही सुचवली जाते. बूड थंड राहिल्याची खूण म्हणून बोटांचा उपयोग होतो हे खरे, पण मेणबत्तीच्या ज्योतीतून उष्णता इतक्या हळू मिळते की मान पुरेशी तापण्याआधीच बोटे हार मानतात. काम झाल्यासारखे वाटते आणि पितळ होते तसेच राहते. दुसरी जुनी पद्धत म्हणजे ताटात पाणी घेऊन त्यात पुंगळ्या उभ्या करायच्या, टॉर्चने मान तापवायची आणि पुंगळी पाण्यात आडवी पाडायची. यात बूड नक्कीच थंड राहते, परंतु ज्योत एका बाजूनेच लागत असल्यामुळे मानेची एक बाजू मऊ आणि दुसरी कडक राहते, आणि असमान मान ही अनीलिंग न केलेल्या मानेपेक्षा वाईट.

वितळलेल्या क्षारांच्या कुंडात मान बुडवण्याच्या पद्धतीत तापमान स्थिर ठेवता येते. मात्र सुमारे ५०० अंशांच्या द्रवात पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची क्षणात वाफ होऊन क्षार उसळतात, आणि हे क्षार प्रखर ऑक्सिडीकारकही असतात. घरगुती कामासाठी, विशेषतः सुरुवातीला, मी ही पद्धत सुचवणार नाही. इंडक्शन यंत्रे सर्वांत नेमकी, पण महाग असतात. दर महिन्याला शेकडो पुंगळ्या वापरणाऱ्या नेमबाजाला तो खर्च परवडू शकतो.

सुरुवातीला प्रोपेनची टॉर्च, मंद वेगाने फिरणारे ड्रिल आणि पुंगळी सैल बसेल असे खोल सॉकेट (नट फिरवण्याची पोकळ नळी) ही त्रयी पुरेशी आहे. ड्रिलमुळे मान चारही बाजूंनी सारखी तापते, सॉकेट धडाला आडोसा देते आणि खाली उतरणारी थोडी उष्णता शोषून घेते.

तयारी

जागा हवेशीर, पण वाऱ्याचा थेट झोत नसलेली असावी. वाऱ्याने ज्योत हलली की वेळेचे गणित बिघडते. दारू, प्राइमर, भरलेली काडतुसे, स्पिरिट आणि तेलाची फडकी त्या खोलीतच नसावीत. ‘दूर ठेवली आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नये. ती दुसऱ्या खोलीत, बंद कपाटात असावीत. कामाचे टेबल धातूचे किंवा सिमेंटच्या पत्र्याने झाकलेले असावे, अग्निशामक हाताशी असावे, डोळ्यांना चष्मा आणि हातात चामड्याचे मोजे असावेत. तापलेली पुंगळी थंड पुंगळीसारखीच दिसते, त्यामुळे मोजे काढून पुंगळ्या चाचपण्याची सवय लावून घेऊ नये.

साहित्यात उभी राहणारी टॉर्च, ड्रिल, सॉकेट, धातूची परात, सेकंदाला ठोका देणारे मेट्रोनोम आणि दोन बाटल्या तापमानदर्शक लॅकर घ्यावे. हे लॅकर ठरलेल्या तापमानाला वितळते. एक बाटली ४०० अंशांची आणि दुसरी २३० ते २४५ अंशांच्या दरम्यानची असावी. हे साहित्य टाळून केवळ पितळाच्या रंगावर विसंबणे मला मान्य नाही. मानेवर येणारी निळसर-जांभळी झाक ही पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थराची असते; पुंगळी किती स्वच्छ आहे, प्रकाश कसा आहे यावर ती बदलते आणि पितळ आतून किती मऊ झाले हे सांगत नाही. ज्योतीचा रंग नारिंगी झाला की थांबावे, या सल्ल्याबाबतही तेच म्हणावे लागेल.

पहिली पायरी: निवड आणि सफाई

सर्व पुंगळ्यांचे प्राइमर आधी काढून टाकावेत. एकही जिवंत प्राइमर किंवा न उडालेले काडतूस ज्योतीजवळ येऊ नये म्हणून प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून आतून बुडाच्या छिद्रातून उजेड दिसतो का ते पाहावे. हा एक क्षण कधीही वाचवू नये.

नंतर पुंगळ्या स्वच्छ कराव्यात. जळक्या प्राइमरच्या अवशेषांत बहुधा शिसे असते, म्हणून सफाईनंतर हात धुवावेत आणि ते काम स्वयंपाकघरात करू नये. ओल्या सफाईनंतर पुंगळ्या पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात.

मग बुडावरील शिक्क्यानुसार कारखाना, आणि शक्य असल्यास आतापर्यंत किती वेळा वापरल्या यानुसार गट पाडावेत. निरनिराळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांत मानेची जाडी वेगळी असते. एकीला पुरेसा असणारा वेळ दुसरीला जास्त होऊ शकतो. गट मिसळले तर पुढची सगळी काळजी व्यर्थ जाते.

याच वेळी खराब पुंगळ्या बाद कराव्यात. मानेला चीर असेल, प्राइमरची खोबण सैल झाली असेल, किंवा बुडाच्या थोडे वर धडाभोवती चमकदार कडी दिसत असेल तर ती पुंगळी संपली. तारेचे टोक काटकोनात वाकवून ते आतल्या भिंतीवरून वर-खाली फिरवल्यास त्या जागी खाचेत अडकल्यासारखे जाणवते. तिथे भिंत पातळ झालेली असते आणि पुढच्या वेळी बूड धडापासून सुटू शकते. यातल्या कोणत्याही दोषावर अनीलिंग हा उपाय नाही.

दुसरी पायरी: वेळ ठरवणे

सगळ्यांत जास्त सवड या पायरीला द्यावी. प्रत्येक गटातून चार-पाच पुंगळ्या चाचणीसाठी वेगळ्या काढाव्यात आणि त्या नंतर वापरायच्या नाहीत असे धरून चालावे.

४०० अंशांच्या लॅकरचा पातळ पट्टा मानेच्या आतल्या बाजूला द्यावा. बाहेरून दिला तर ज्योत थेट लॅकरला लागते आणि पितळ तापण्याआधीच ते वितळून चुकीची सूचना देते. दुसऱ्या लॅकरचा उभा पट्टा बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या खालून बुडापर्यंत ओढावा. दोन्ही पट्टे पूर्ण वाळू द्यावेत. वाळल्यावर ते खडूने ओढल्यासारखे फिके, चमक नसलेले दिसतात.

टॉर्च टेबलावर पक्की उभी करावी आणि ज्योतीच्या आतल्या निळ्या शंकूचे टोक मान आणि खांदा जिथे मिळतात त्या जागेकडे, जवळपास एक सेंटिमीटर अंतरावर राहील अशी रचना करावी. पुंगळी सॉकेटमध्ये ठेवून मान, खांदा आणि धडाचा थोडा भाग बाहेर राहतो ना, हे पाहावे. सॉकेट खोल असेल तर तळाशी धातूची चकती किंवा नट टाकून उंची जुळवता येते. ड्रिल मंद, साधारण सेकंदाला एक-दीड फेरा, एवढेच फिरवावे.

आता मेट्रोनोम सुरू करून पुंगळी ज्योतीत आणावी आणि मानेच्या आत लक्ष ठेवावे. फिका पट्टा एकाएकी ओला, चकचकीत होतो. तो क्षण ४०० अंशांचा. तेवढ्या ठोक्यांवर पुंगळी परातीत टाकावी. पुंगळी थंड झाल्यावर बाहेरचा पट्टा तपासावा. तो खांद्याखाली काही मिलिमीटरपर्यंत वितळलेला दिसेल, पण धडाच्या खालच्या अर्ध्या भागात तो जसाच्या तसा फिका राहिलेला असला पाहिजे. तो अर्ध्याच्या खाली वितळला असेल तर ज्योत मंद आहे किंवा खाली रोखलेली आहे. ज्योत थोडी वाढवून, वर सरकवून आणि वेळ कमी करून नवी पुंगळी घ्यावी.

.३०८च्या आकाराच्या पुंगळीला साध्या प्रोपेन टॉर्चवर बहुधा पाच ते आठ सेकंद लागतात आणि .२२३ला त्याहून कमी; पण हे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत. टॉर्चचे नोझल, सिलिंडरमधील गॅसचा दाब, खोलीचे तापमान यांवर ते बदलतात, आणि दुसऱ्याने सांगितलेला वेळ आपल्या टॉर्चला लावणे धोक्याचे आहे. वेळ दहा सेकंदांच्या पुढे जात असेल तर ज्योत अपुरी आहे असे समजून रचना बदलावी.

आतला पट्टा वितळण्याचा वेळ मिळाल्यावर खोली अंधारी करून आणखी एका पुंगळीवर वरची सीमा पाहून घ्यावी. मानेच्या कडेवर अगदी पुसट लाली दिसू लागते तो ठोका लक्षात ठेवावा. आपला वेळ या दोन ठोक्यांच्या मध्ये असावा, आणि तो शक्यतो पहिल्याकडे झुकलेला असावा. थोडे कमी अनीलिंग झालेली पुंगळी पुढच्या फेरीत पुन्हा तापवता येते. जास्त झालेली येत नाही.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष काम

वेळ ठरल्यावर काम एकसुरी होते, आणि ते तसेच असायला हवे. डाव्या हाताला अजून न तापवलेल्या पुंगळ्या, उजव्या हाताला परात, मध्ये ज्योत. पुंगळी सॉकेटमध्ये टाकावी, ड्रिल सुरू करावे, ठोक्यावर ज्योतीत आणावी, ठरलेल्या ठोक्यावर बाहेर काढून परातीत उलटवावी. मध्येच लक्ष विचलित होऊन एखादी पुंगळी दोन ठोके जास्त राहिली, तर ‘चालून जाईल’ असे न म्हणता ती लगेच वेगळी टाकावी आणि थंड झाल्यावर पकडीने चेपून टाकावी, म्हणजे ती चुकूनही पेटीत परत जाणार नाही.

लागोपाठ काम करताना सॉकेट तापत जाते. तापलेले सॉकेट धडाची उष्णता शोषण्याऐवजी त्याला उष्णता देऊ लागते, म्हणून दोन सॉकेट आलटून-पालटून वापरावीत किंवा मधूनमधून थांबावे. सिलिंडर थंड होऊन गॅसचा दाब उतरला तर ज्योत आखूड होते. दर वीस-पंचवीस पुंगळ्यांनंतर लॅकर लावलेली एक पुंगळी मध्ये घालून वेळ अजून बरोबर आहे का ते पडताळावे.

परातीतील पुंगळ्या हवेतच निवू द्याव्यात. पाण्यात टाकल्याने पितळाच्या गुणात फरक पडत नाही. बुडाकडे जाणारी उष्णता तेवढी लवकर थांबते. मात्र तो आधार घेऊन वेळ वाढवू नये, आणि पाण्यात टाकल्यास पुंगळ्या आतून पूर्ण कोरड्या होईपर्यंत पुढचे काम करू नये, कारण आत राहिलेला ओलावा दारू आणि प्राइमर दोन्ही बिघडवतो.

अनीलिंगनंतर

अनीलिंग साइझिंगच्या आधी करायचे असते, कारण डायने अचूक माप द्यावे यासाठीच पितळ मऊ केलेले असते. साइझिंगनंतर अनीलिंग केले तर दोन्हींचा फायदा अर्धवट राहतो. प्राइमर काढणे, सफाई, अनीलिंग, वंगण लावून साइझिंग, लांबी कापणे, तोंडाची कडा साफ करणे आणि त्यानंतर प्राइमर, दारू व गोळी, असा क्रम ठेवावा.

तापवल्यावर मानेच्या आतला काजळीचा मऊ थर निघून जातो आणि पितळ कोरडे, किंचित खरखरीत होते. एक्स्पांडरचा गोळा अशा मानेतून ओढताना अडखळतो आणि मऊ झालेला खांदाच पुढे खेचला जाऊ शकतो. म्हणून मानेच्या आत नायलॉनच्या ब्रशने थोडी ग्रॅफाइटची पूड किंवा वंगण लावावे. मऊ पितळ डायमधून कमी मागे फिरते, त्यामुळे खांदा आधीच्या सेटिंगवर जास्त मागे ढकलला जाण्याची शक्यता असते. पहिल्या दोन-तीन पुंगळ्यांवर खांद्याचे माप घेऊन डाय पुन्हा जुळवून घ्यावी.

काम जमले की नाही हे मापानेच ठरवावे. अनीलिंग केलेल्या आणि न केलेल्या दहा-दहा पुंगळ्या एकाच डायमधून, एक्स्पांडर काढून, साइझ कराव्यात आणि मायक्रोमीटरने मानेचा बाहेरचा व्यास, तर कम्पॅरेटरने खांद्यापर्यंतची लांबी मोजावी. अनीलिंग केलेल्या गटातील मापे एकमेकांच्या जवळ आलेली दिसली पाहिजेत. तसे दिसले नाही तर मान पुरेशी तापलेली नाही किंवा वेळ सारखा राखला गेलेला नाही. मान बोटांच्या चिमटीत धरून हलकेच दाबली असता ती किंचित लवून पूर्ववत व्हायला हवी; दबलेलीच राहिली तर ती प्रमाणाबाहेर मऊ झालेली आहे, आणि तो सगळा गट संशयास्पद मानून तपासावा.

किती वेळा अनीलिंग करावे याबाबत काहीजण प्रत्येक वापरानंतर करतात, काहीजण तीन ते पाच वापरांनंतर. शक्य असेल तर प्रत्येक वापरानंतर करावे, असे माझे मत आहे, कारण मग प्रत्येक वेळी पितळ एकाच अवस्थेतून सुरू होते आणि मापांत चढ-उतार राहत नाही. ते जमत नसेल तर अंतर कितीही ठेवावे, पण एका गटातील सर्व पुंगळ्यांसाठी ते सारखे असावे. अनीलिंगनंतर पहिल्यांदा काडतुसे भरताना दारूचे प्रमाण नेहमीच्या कमाल मर्यादेवर न ठेवता थोडे खाली ठेवून दाबाची लक्षणे पाहावीत. मानेची पकड बदलली की दाबही थोडा बदलू शकतो.

प्रत्येक पेटीवर कारखान्याचे नाव, कितव्यांदा वापर झाला, अनीलिंगची तारीख आणि ठोक्यांचा वेळ लिहून ठेवावा. टॉर्च, नोझल किंवा गॅसचा प्रकार बदलला तर जुना वेळ खोडून लॅकरची चाचणी नव्याने करावी.